आठवणे आणि ओळखणे
संगणकाला काम सांगायचे कसे? पूर्वी भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट पाहावी लागे. पुढे कळफलकावरून आज्ञा देता येऊ लागल्या. पण त्या अचूक पाठ असाव्या लागत. १९६८ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माउस जाहीरपणे दाखवला. झेरॉक्सच्या ‘स्टार’ने (१९८१) पडद्यावर कागद व फायलींची चित्रे मांडली, मॅकिंटॉशने (१९८४) ही पद्धत लोकप्रिय केली. आता आठवण्याऐवजी ओळखणे पुरेसे झाले. ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘योग्य पर्याय निवडा’ यांतला हा फरक आपण शिक्षक जाणतोच. निवडणे सोपे खरे. पण पडद्यावर नसलेले निवडता येत नाही. आज्ञा जोडून मात्र नवे काम सांगता येते. म्हणून विद्यार्थ्यांना आपण दोन्हींची ओळख करून देऊ या.