हौद्यातली मेहनत आणि टेनिसपूर्व तयारी

खेळाआधी शरीर जाणीवपूर्वक तापवून घेण्याची रीत मराठवाड्यात टेनिसच्या फार पूर्वीपासून होती. टेनिसला मात्र तिचे महत्त्व उमगायला बराच काळ लागला. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या प्रदेशात आहे, तो बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या अंमलाखाली होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर (राज्यकाल सुमारे 1126 ते 1138) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण असून, त्यात वजन घेऊन करायचा भारश्रम, चालण्याफिरण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम असे मल्लांच्या सरावाचे प्रकार सांगितले आहेत. हे श्रम मुख्यतः बळ कमावण्यासाठी असले, तरी झुंजीपूर्वी शरीर घडवावे लागते ही समज त्यांच्या मुळाशी आहे.

पुढे तालमींनी ही समज रोजच्या शिस्तीत उतरवली. हौदा, म्हणजे कुस्तीसाठी तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या मातीचा आखाडा, पहाटे पहिलवान स्वतःच फावड्याने उकरत. त्यात माती भुसभुशीत होई आणि त्याच वेळी पाठ, खांदे व मांड्या यांत ऊबही येई. त्यानंतर जोर, म्हणजे हातांवर शरीर पेलून छाती जमिनीलगत नेण्याचा व्यायाम, आणि बैठका होत; मग वस्तादांच्या नजरेखाली हलक्या जोडीशी लढत आणि शेवटी खरी कुस्ती. हा क्रम किती नेमका होता, हे विसाव्या शतकात शरीरशास्त्राच्या भाषेत मांडता आले. आस्मुसेन आणि बॉये या डॅनिश संशोधकांनी 1945 मध्ये दाखवून दिले, की स्नायूंचे तापमान वाढले म्हणजे थोड्या वेळाचे जोरकस काम अधिक वेगाने करता येते. तापलेला स्नायू लवकर आकुंचन पावतो आणि मज्जातंतूंतील संदेशही अधिक वेगाने धावतात.

लॉन टेनिसचा जन्म मात्र बागेतला. वॉल्टर विंगफिल्ड याने 1874 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, 1877 मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली, आणि लष्करी छावण्या व जिमखान्यांमधून हा खेळ हिंदुस्थानात पसरला. जिमखान्यातले कोर्ट नोकर तयार ठेवत, त्यामुळे खेळाडूच्या वाट्याला उरे तो ‘नॉक-अप’, म्हणजे गुण मोजायला सुरुवात होण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याबरोबरच सावकाश चेंडू टोलवणे. ज्याला हरवायचे त्यालाच तयारीत साथ द्यायची, हा या खेळाचा मोठा सुंदर शिष्टाचार आहे. पण नॉक-अपने हात आणि नजर बसते, सर्व्हिसच्या वेळी डोक्यावरून वेगाने फिरणारा खांदा आणि एकाएकी थांबून वळणारा घोटा त्याने पुरेसा तयार होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी कोर्टावरील या सरावाला साधारणपणे कमाल पाचच मिनिटे दिली आहेत, म्हणजे खरी तयारी कोर्टाबाहेर होणे त्यात गृहीतच आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथील सय्यद मोहम्मद हादी हे 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले आणि रणजी करंडकाच्या 1934-35 च्या पहिल्याच हंगामात त्या स्पर्धेतले पहिले शतकही त्यांनी झळकावले; अनेक खेळांत मुरलेल्या अशा शरीराला नॉक-अप कदाचित पुरत असेल, एकाच खेळाला वाहून घेतलेल्या खेळाडूला तो पुरत नाही.

मधल्या काळात, विशेषतः 1970 नंतर, स्नायू ताणून तसाच धरून ठेवण्याचे व्यायाम खेळाआधी सर्वत्र रूढ झाले. परंतु असा ताण बराच वेळ धरल्यास स्नायूची ताकद काही काळ घटते, असे पुढील संशोधनात आढळले. म्हणून आता हलके धावणे, आडव्या पावलांनी सरकणे, पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे व हात वर्तुळाकार फिरवणे आधी, मग जाळीजवळच्या छोट्या चौकोनांत हळुवार फटके, नंतर मागच्या रेषेवरून पूर्ण फटके आणि सर्वांत शेवटी वाढत्या वेगाच्या सर्व्हिस, असा क्रम शिकवला जातो. मोठ्या स्नायूंपासून नेमक्या डावाकडे जाणारा हा क्रम तालमीतल्या क्रमाच्या फार जवळचा आहे, आणि मराठवाड्यातील टेनिस प्रशिक्षणाने हे नाते जाणीवपूर्वक ओळखायला हवे. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलातील कोर्टावर डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे ही तयारी अधिक वेळ चालवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती सावलीत आणि थोडक्यात उरकता येते, मात्र खांदा, कंबर आणि घोटा यांच्या हालचाली तेव्हाही वगळून चालत नाही, कारण उन्हाने कातडी तापली तरी सांधे त्यांच्या पूर्ण फेऱ्यात फिरलेले नसतात.