दख्खनखालचा लोट

सह्याद्रीवरच्या पुस्तकांत, गडकिल्ल्यांच्या पुस्तिकांत, सहलींच्या माहितीपत्रकांत हल्ली एक वाक्य हमखास सापडते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना रियुनियन बेटाखालच्या लाव्हाच्या लोटावरून गेला आणि त्यातून दख्खनचे पठार झाले, असे ते वाक्य. मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. घाट चढता चढता दगड वाचायला लागलो आणि मग दगडांवरचे निबंध वाचायला लागलो, एवढीच माझी तयारी. पण हे वाक्य इतक्या वेळा वाचले, की शेवटी विचारावेसे वाटले : हा लोट पाहिला कोणी? आणि पाहिला नसेल, तर तो आपल्या पुस्तकांत आला कुठून?

इंग्रजीत याला ‘प्ल्यूम’ म्हणतात. मूळ अर्थ पीस, तुरा. मराठीत आपल्याकडे ‘लोट’ हा अधिक चांगला शब्द आहे, कारण तो धुराचाही असतो आणि पाण्याचाही. लोटाचे शास्त्र याच क्रमाने वाढले : आधी हवा, मग पाणी आणि सर्वांत शेवटी जमिनीचे पोट.

हवेतल्या लोटाचा हिशेब मांडणाऱ्यांत जॉफ्री टेलर हे केंब्रिजचे नाव मोठे. १९४५च्या जुलैमध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुस्फोटाची चाचणी झाली, तेव्हा ती पाहणाऱ्यांत ते होते. तापलेल्या वायूचा गोळा हवेत कसा चढतो, यावर त्यांनी त्याच वर्षी टिपण लिहिले. पुढे १९५६मध्ये ब्रूस मॉर्टन आणि स्ट्युअर्ट टर्नर या दोन तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यातले मुख्य गृहीतक एका ओळीत मावते : चढणारा लोट भोवतालची हवा आत ओढून घेतो आणि ही ओढ त्या उंचीवरच्या लोटाच्या वेगाच्या प्रमाणात असते. लोटाच्या आत भोवरे किती, कसे, या जंजाळात ते शिरलेच नाहीत.

एवढ्यावरून निघालेले निष्कर्ष मात्र थक्क करणारे आहेत. शांत पण थराथरांच्या हवेत, म्हणजे जिथे वर जावे तशी हवा हलकी होत जाते तिथे, लोट ठरावीक उंचीपर्यंतच चढतो आणि मग आडवा पसरतो. खालची उष्णता सोळापट केली, तर ही उंची फक्त दुप्पट होते. जोर जास्त तशी ओढही जास्त. लोट स्वतःच्या हावरेपणानेच पातळ होतो. थंडीतल्या पहाटे गावाबाहेरच्या वीटभट्टीचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा का पडतो, याचे उत्तर इथे आहे.

पाण्यातही हेच घडते. १९७९मध्ये प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे, मेक्सिकोजवळच्या तळाशी, ‘ॲल्विन’ या छोट्या पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना खडकाच्या धुराड्यांतून काळे गरम पाणी उसळताना दिसले. तापमापकाच्या दांड्याचे प्लास्टिक वितळले, तेव्हा कुठे त्या पाण्याच्या तापमानाचा अंदाज आला. नंतर ते ३८० अंश सेल्सियसच्या आसपास भरले. वर प्रचंड दाब असल्यामुळे ते उकळत नाही. हे पाणी काहीशे मीटर चढते, थंड पाणी ओढून घेते आणि धुरासारखेच आडवे पसरते. १९८१मध्ये ल्यूप्टन आणि क्रेग यांनी हेलियम-३ या विरळ वायूच्या खुणेवरून असा एक पसारा प्रशांत महासागरात पश्चिमेकडे सुमारे दोन हजार किलोमीटर शोधून काढला.

इथवर सगळे मोजता येण्याजोगे होते. जमिनीच्या पोटात तसे नाही.

हवाई बेटे एका रांगेत का आणि त्यांचे वय एका दिशेने का वाढत जाते, याचे उत्तर १९६३मध्ये कॅनडाचे टूझो विल्सन यांनी दिले : खालची उष्ण जागा स्थिर, वरचा तळ सरकता. ती जागा उष्ण का राहते, हा प्रश्न उरला. १९७१मध्ये प्रिन्स्टनच्या जेसन मॉर्गन यांनी ‘नेचर’मधल्या छोट्या निबंधात म्हटले, की प्रावरणाच्या तळापासून असे सुमारे वीस लोट वर येत असावेत. प्रावरण म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला २९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा खडक. माहितीपत्रकातला ‘लाव्हाचा लोट’ हा शब्दप्रयोग मला इथेच खटकतो. हा खडक द्रव नाही, घनच आहे. पण कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. वर येताना दाब उतरतो आणि पृष्ठभागाजवळ आल्यावर त्याचा थोडा अंश वितळतो. लाव्हा होतो तो तेव्हा.

टेलर यांचे गणित इथे जसेच्या तसे चालत नाही, कारण इतक्या चिकट पदार्थात भोवरे उठत नाहीत. मग प्रयोग कशावर करायचा? पाकावर. १९५६च्या निबंधातले टर्नर १९७५मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले आणि तिथे त्यांनी द्रवगतीच्या अभ्यासाची शाखा उभी केली. तिथल्याच रॉस ग्रिफिथ्स आणि इयान कॅम्पबेल यांनी १९९०च्या सुमारास ग्लुकोजच्या थंड, घट्ट पाकात खालून गरम पाक सोडून पाहिला. तो अळंब्यासारखा चढला : वर फुगीर डोके, मागे बारीक शेपूट. डोके चढताना भोवतालचा पाक गुंडाळून घेत होते. भोवरे नसतानाही ओढ होतीच. त्याच सुमारास इतर अभ्यासकांनी मांडले, की डोके वर पोहोचले की दख्खनसारखे लाव्ह्याचे महापूर येतात आणि मागून येणारी शेपूट बेटांची माळ घालत जाते.

पुरावा बऱ्यापैकी जुळतो. १९८७मध्ये हिंदी महासागरात घेतलेल्या छिद्रांतून मालदीवजवळचा बेसॉल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा निघाला. मॉरिशस त्याहून खूप तरुण आणि रियुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे. दक्षिणेकडे वय उतरत जाते.

पण लोटाचे डोके कवचाखाली आले, तर लाव्हा फुटण्याआधी जमीन फुगायला हवी. १९८९मध्ये ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स म्हणाले, फुगलीच होती; गोदावरी अरबी समुद्राजवळ उगम पावूनही बंगालच्या उपसागराला मिळते, ती त्या घुमटाच्या उतारामुळे. कल्पना मोहक आहे. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी मात्र ती मान्य केली नाही. त्यांचा आक्षेप असा, की लाव्ह्याआधी अशी फुगवट आल्याचा पुरावा मिळत नाही. नद्यांचा उतार सह्याद्री पुढे उचलला गेला त्यामुळे आला. २००५मध्ये त्यांनी दख्खन ते रियुनियन या वाटेवर लोटाची खूणच नाही, असे ठामपणे लिहिले.

मला हा आक्षेप जबलपूरच्या बाजूला विशेष पटतो. तिथे लाव्ह्याच्या खाली लामेटाचे थर आहेत. नद्या आणि तळी यांच्या काठचे, डायनासोरच्या अंड्यांचे. सखल प्रदेशाचा हा गाळ आहे. अर्थात जबलपूर म्हणजे अख्खा दख्खन नव्हे, आणि बेटांच्या वयांची उतरंड एवढ्याने पुसली जात नाही. माझ्या मते माळेचा पुरावा भक्कम आहे, घुमटाचा कच्चा. आपल्या पुस्तकांत मात्र दोन्ही एकाच दमात आणि एकाच खात्रीने छापले जातात.

अलीकडे लोट ‘पाहण्याचा’ प्रयत्न झाला, तो भूकंपाच्या लहरींनी. गरम खडकातून लहरी मंदावतात, त्यावरून खालचे चित्र रेखाटता येते. फ्रेंच आणि जर्मन पथकांनी २०१२-१३मध्ये रियुनियनभोवती समुद्राच्या तळावर ५७ भूकंपमापके ठेवली. त्यांच्या आधारे २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रात मॉर्गन यांची सरळ नळी नाही, पाकातले अळंबेही नाही. गाभ्याजवळ जाड बुंधा आहे, त्यातून तिरक्या फांद्या फुटल्या आहेत आणि त्यांतली एक रियुनियनच्या दिशेने आली आहे.