बीटचा हंगाम

हे साखरेचे पांढरे बीट. नॉर्थ डकोटा व मिनेसोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात त्याची मुख्य काढणी १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि हवामानाने साथ दिली तर दोनेक आठवड्यांत आटोपते. मोटारघरात राहणारी, पुष्कळदा निवृत्त, माणसे त्यासाठी मुक्कामाला येतात. बारा तासांची पाळी असते. ऊसतोडीशी तुलना करण्याचा मोह आवरावा : काढणी यंत्रे करतात. हे हंगामी कामगार ढिगाऱ्यापाशी ट्रकना दिशा दाखवतात, साखरेच्या तपासणीसाठी नमुने पिशवीत भरतात, सांडलेले बीट फावड्याने ओढतात. ‘ऊन पडले म्हणून काम बंद’ असेही येथे होते. गरम बीट ढिगात कुजते. पुढे या कामगारांतले काहीजण हिवाळ्यासाठी ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइट गाठतात. — संपा.