एका अंगाला झुकलेली मोटार

कल्याणहून बदलापूरच्या रस्त्याला लागलात की उल्हासनगर, अंबरनाथ ही गावे एकमेकांत मिसळत जातात. या रस्त्यावर क्वचित एखादी जुनी पद्मिनी दिसते. हौसेने जमिनीलगत आणलेली, चकचकीत. पण मागून पाहावे तर उजवे अंग खाली, डावे वर, बैलगाडीचे एक चाक चाकोरीत उतरावे तशी. मालकाने पैसे मोजून स्प्रिंगा कापून आणल्या, आणि गाडी तिरकी! असे का व्हावे?

त्यासाठी जरा मागे जाऊ. बदलापूरला प्रवाशांचे घोडे बदलत म्हणून ते बदलापूर, असे लोक सांगतात. १८५६ साली कल्याणपासून खोपोलीकडे आगगाडी धावू लागली, तरी स्टेशनापासून घरापर्यंत घोडा आणि टांगा होताच. टांग्याखालची पोलादी कमान तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. अशा कमानींवर घोडागाडी बसवण्याचे पेटंट लंडनच्या ओबडाया इलियट याने १८०४ साली घेतले. त्याआधी, १६७८ मध्ये, रॉबर्ट हूक याने नियम छापला होता : जितके वजन, तितका वाक. दोन कमानी सारख्या नसतील, तर सारख्याच वजनाखाली एक जास्त वाकणार. आजच्या तिरक्या मोटारीचे मूळ एवढ्यात आले.

आता मोटारीकडे येऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० हीच पुढे, १९७४ पासून, पद्मिनी झाली. हिला पुढे गोल स्प्रिंगा, मागे टांग्याच्याच वंशातल्या पाट्यांच्या कमानी. जुन्या अँबेसेडरला पुढे स्प्रिंगच नाही. तिथे पोलादाची लांब दांडी पिळली जाते आणि तीच वजन पेलते. डाव्या-उजव्या दांडीची अदलाबदल मात्र करायची नसते.

इकडे उल्हासनगर वसले ते महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे; ८ ऑगस्ट १९४९ ला त्याला नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्यांना वस्तू दुरुस्त करून वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. मला वाटते, जुनी गाडी मोडीत काढायला इकडचा माणूस अजून कचरतो, त्याचे एक कारण हेही असावे. आणि आता जपण्याला अर्थही आला आहे, कारण मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

तर गाडी तिरकी झाली, पुढे काय? पुष्कळ जण खालच्या बाजूला रबराचा तुकडा सरकवतात. ते नको. आधी सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारी टायरांत ठरलेली हवा भरा, डिकी रिकामी करा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेऊन वहीत लिहा.

पुढचे अंग झुकले म्हणजे दोष पुढेच, असे धरू नका. मागच्या आसाला बरोबर मधोमध जॅक लावून किंचित उचला. पुढचा तिरकेपणा गेला, तर दोष मागच्या कमानीत. चालक वर्षानुवर्षे एकटाच उजवीकडे बसलेला. त्या बाजूचे पाटे आधी दमले, तर नवल नाही. मग दोन्ही कमानी उतरवून जोडीनेच नीट करून घ्याव्यात.

तिरकेपणा राहिला, तर पुढच्या स्प्रिंगा आपसांत बदला. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष स्प्रिंगचा. आठ वेढ्यांची स्प्रिंग एक वेढा कापली, तर ती सुमारे १४ टक्के कडक होते. एकीकडे अर्धा वेढा जास्त गेला, तर जोडी मोडलीच. तापवून बसवलेली स्प्रिंग तर फेकूनच द्या, तिचे पाणी गेलेले असते. सारखी नवी जोडी घेणे स्वस्त पडते.

झुकाव जिथल्या तिथेच राहिला, तर स्प्रिंगची बैठक आणि सांगाडा तपासा. आणखी एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. गाडी जॅकवर लटकत असताना रबरी बुशांचे बोल्ट आवळले, तर खाली आल्यावर रबर पिळलेलेच राहते आणि ते अंग वर धरते. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते, खर्च शून्य.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. एका चाकावर भार कमी पडला की ब्रेक लावताच गाडी ओढते, पावसाळ्यात तर फारच. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. ती आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या. उंची जुळली की चाकांची दिशा तपासून घ्या, कारण उंचीबरोबर तीही बदलते. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा पंधरा दिवसांनी वही उघडून चारी मापे पुन्हा घ्या.