तेलाचा वाद: गॉच विरुद्ध हॅकनश्मिट

३ एप्रिल १९०८. शिकागोच्या डेक्स्टर पार्क पॅव्हेलियनमध्ये जगज्जेता जॉर्ज हॅकनश्मिट आणि आयोवाचा शेतकरीपुत्र फ्रँक गॉच समोरासमोर उभे ठाकले. सुमारे दोन तास दोघे झुंजले. अखेर हॅकनश्मिटने हार पत्करली. दुसऱ्या डावासाठी तो परतलाच नाही.

लढतीनंतर त्याने गॉचची मुक्तकंठाने स्तुती केली. पुढे मात्र सूर पालटला: गॉचने अंगाला तेल चोपडले होते, नखांनी चेहरा ओरबाडला होता आणि पंचांनी काणाडोळा केला होता. तेव्हापासून कुस्तीशौकिनांत दोन तट पडले. गॉचचे समर्थक विचारतात, मग आधी स्तुती कशाला? विरोधकांचे उत्तरही बिनतोड आहे: पराभूताने शिष्टाचार पाळला, एवढ्याने त्याची तक्रार खोटी ठरते का?

४ सप्टेंबर १९११ रोजी कॉमिस्की पार्कवर सुमारे ३०,००० प्रेक्षकांसमोर ते पुन्हा भिडले. सरावात गुडघा दुखावलेला हॅकनश्मिट वीसेक मिनिटांत दोन्ही डाव हरला. ही दुखापत गॉचच्या गोटाकडून पैसे घेऊन आपणच मुद्दाम केली, असे अ‍ॅड सँटेल सांगत असे. लू थेझने ते आत्मचरित्रात नोंदवले. पुरावा म्हणून ही साक्ष तोकडीच, कारण रंगवून सांगण्यात पैलवानांचा हात कोण धरणार?

गॉच १९१७ मध्ये वारला. हॅकनश्मिट लंडनमध्ये तत्त्वज्ञानाची पुस्तके लिहीत १९६८ पर्यंत जगला. आपली बाजू मांडण्यासाठी त्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा पन्नास वर्षे अधिक मिळाली.