पोथीचे पाच भाग होत नाहीत

‘किंमत’ हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. ‘वारस’, ‘जप्ती’, ‘जिन्नस’, ‘तारीख’ हे शब्दही आपल्या तोंडात बसलेले आहेत. हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आले, आणि आले ते दप्तराच्या वाटेनं. मी कविता लिहिणारा माणूस. शब्दांच्या मागं मागं जायची खोड आहे. या शब्दांच्या मागं गेलं, तर आपण मुघल बादशहांच्या किताबखान्यात जाऊन पोचतो. जुन्या कलावस्तूची किंमत ठरवून घेण्यासाठी आज आपण सरकारमान्य व्हॅल्युअरकडे जातो. तेच काम तिथं चारशे वर्षांपूर्वी नेमानं चाललेलं होतं.

या किताबखान्यातले बरेच ग्रंथ आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या चित्रांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण पहिलं आणि शेवटचं पान उलटून पाहावं. तिथं बारीक अक्षरात नोंदी असतात, शिक्के असतात. ग्रंथ कोणत्या तारखेला तपासला, कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेला, त्याचा दर्जा अव्वल की दुय्यम, आणि किंमत किती रुपये किंवा किती मोहरा. या नोंदींत ‘अर्ज दीदा शुद’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. अर्ज म्हणजे समोर मांडणं, दीदा म्हणजे पाहिलेलं. वस्तू समोर मांडली आणि डोळ्यांनी तपासली, असा त्याचा अर्थ.

ही लिहालिही कशासाठी? एक कारण जबाबदारीचं. ग्रंथ ज्याच्या हवाली असे तो तहविलदार बदलला की नव्या माणसानं काय ताब्यात घेतलं हे लिहून ठेवणं भाग होतं. किंमत लिहिलेली असली की ‘एक जुनं पुस्तक हरवलं’ म्हणून कोणाला सुटता येत नसे. दुसरं कारण वारशाचं. मनसबदार वारला की त्याची मालमत्ता सरकारात जमा करायची, त्याच्याकडचं येणं वळतं करून घ्यायचं आणि वारसांना काय द्यायचं ते बादशहानं ठरवायचं, अशी पद्धत होती. किमतीवाचून यातला कुठलाच हिशेब झाला नसता. बादशहाचाही वारसा असेच. १६०५ मध्ये जहांगीर आणि १६२८ मध्ये शहाजहान गादीवर आले, तेव्हा कित्येक ग्रंथांवर त्यांनी स्वतःच्या हातानं नोंद केली, की हा ग्रंथ आज माझ्या किताबखान्यात आला.

अबुल फजलचा थोरला भाऊ, कवी फैजी, १५९५ मध्ये लाहोरला वारला. त्याच्या संग्रहात ४,६०० ग्रंथ होते, असं इतिहासकार बदायूनी लिहितो. ते शाही किताबखान्यात आले आणि त्यांची तीन वर्गांत यादी झाली. पहिल्या वर्गात कविता, वैद्यक, ज्योतिष आणि संगीत. दुसऱ्यात तत्त्वज्ञान, सूफी विचार, खगोल आणि भूमिती. तिसऱ्यात कुराणावरची भाष्यं, हदीस आणि धर्मशास्त्र. बदायूनी कर्मठ, त्याला हा क्रम रुचला नसणार. मला मात्र कविता पहिल्या वर्गात बसलेली पाहून बरं वाटतं!

अकबराच्या पश्चात त्याच्या किताबखान्याचा आकडा मानरिक या पोर्तुगीज धर्मगुरूनं नोंदवून ठेवला. तो १६४० च्या सुमारास आग्र्याला होता. ग्रंथ २४,००० आणि किंमत ६४,६३,७३१ रुपये. सरासरी काढली तर एका ग्रंथाला सुमारे २६९ रुपये पडतात. ही रक्कम केवढी? ‘आईन-ए-अकबरी’त मजुरीचे दर आहेत. साध्या मजुराचा रोज दोन दामांपासून सुरू होई, आणि रुपयाचे दाम चाळीस. म्हणजे दोन दाम मिळवणाऱ्या मजुराची जवळजवळ पंधरा वर्षांची कमाई एका ग्रंथाच्या किमतीत मावत होती.

किंमत ठरवायची कशावरून? आपण आज चित्रं मोजतो. त्या काळी आधी पाहत ते हस्ताक्षर. १६१० मध्ये खानखानान अब्दुर्रहीमनं जहांगीरला ‘यूसुफ-जुलेखा’ची एक प्रत नजर केली. तिच्यात चित्रं होती, सोनेरी काम होतं, बांधणी सोन्याची होती. पण आठवणी लिहिताना बादशहानं आवर्जून सांगितलं, की अक्षर मुल्ला मीर अलीचं आहे आणि किंमत हजार मोहरा.

अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, हा या धंद्यातला पहिला प्रश्न. जहांगीरला आपल्या नजरेचा अभिमान होता. चेहरा एकानं आणि भुवया दुसऱ्यानं काढल्या असतील तरी मी ओळखीन, असं तो म्हणे. १६१६ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो यानं त्याला एक छोटं चित्र दाखवलं. बादशहानं आपल्या चिताऱ्याकडून त्याच्या पाच नकला करवल्या आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहाही चित्रं रोपुढं ठेवली. आपलंच चित्र शोधताना साहेबांना घाम फुटला. शेवटी त्यानं ते ओळखलं, पण चटकन नाही. बादशहा खूश झाला आणि चितारी किती बक्षिसाला पात्र आहे, यावर त्याच्याशी बोलणी करत बसला.

पुढं हे घर मोडलं. १७३९ मध्ये नादिरशहानं दिल्ली लुटली. १८५७ नंतर दिल्लीच्या शाही ग्रंथालयातलं उरलंसुरलं इंग्रज सरकारनं १८५९ मध्ये विकत घेतलं आणि १८७६ मध्ये ते लंडनला गेलं. ग्रंथांबरोबर त्यांची किंमत जाणणारी माणसंही विखुरली. याचा परिणाम सांगणारी एक हकिकत आहे. १९२९ मध्ये स्कॉटलंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मुघल चित्रांचा एक मुरक्का, म्हणजे चित्रसंग्रह, शंभर पौंडांहून कमी किमतीला विकला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या सदबीज या लिलावघरात तोच १०,५०० पौंडांना गेला. त्यात जहांगीर-शहाजहानच्या काळातली अस्सल पानं होती आणि एकोणिसाव्या शतकातल्या नकलाही होत्या. वस्तू तीच आणि साल तेच होतं; फक्त जाणत्या नजरेखालून ती दुसऱ्या वेळी गेली. आज त्यातली बहुतेक पानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

आता आपल्याकडे या. आमच्या मराठवाड्यात अजूनही कित्येक घरांत हातानं लिहिलेल्या फारसी-उर्दू पोथ्या आहेत, तशाच मराठी पोथ्याही. मला ती लिपी वाचता येते म्हणून लोक पोथ्या घेऊन येतात. एकदा दोघे भाऊ आणि त्यांची बहीण अशी तिघं आली. वडील वारले होते. पोथीत सात-आठ चित्रं होती. धाकट्याचं म्हणणं होतं, चित्रांची पानं सोडवावीत आणि वाटून घ्यावीत. शरियतप्रमाणे भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक, असे पाच हिस्से. मी म्हटलं, पोथीचे पाच भाग होत नाहीत, किमतीचे होतात. आधी किंमत काढून घ्या. त्यांनी व्हॅल्युअरकडून लेखी अहवाल घेतला. पुढं बहिणीनंच पोथी ठेवली आणि भावांचे पैसे हप्त्यानं फेडले. सगळ्यांत लहान हिस्सा तिचा होता, पण पोथी वाचत होती तीच.

असा अहवाल मागताना तो कशासाठी हवा, हे आधी सांगावं लागतं, कारण कारणाप्रमाणे आकडा बदलतो. वाटणीसाठी आजचा बाजारभाव लागतो. विम्यासाठी विमा कंपनीशी आधीच ठरवलेली रक्कम लागते, आणि तिला व्हॅल्युअरच्या दाखल्याचा आधार असतो. कराची गोष्ट आणखी वेगळी. चित्रं-शिल्पं पूर्वी वैयक्तिक वापराच्या वस्तू म्हणून भांडवली नफ्याच्या करातून सुटू शकत. २००७ च्या वित्त कायद्यानं ती वाट बंद केली. वस्तू १ एप्रिल २००१ पूर्वी घरात आलेली असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. म्हणजे व्हॅल्युअरला वीस-पंचवीस वर्षं मागं जाऊन भाव सांगावा लागतो. तारखेशिवाय किमतीला अर्थ नाही, हे किताबखान्यातल्या कारकुनालाही ठाऊक होतं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचं मोलाचं हस्तलिखित ही त्याच्या लेखी पुरावस्तू. सचित्र हस्तलिखितं, जुनी चित्रं, दगडी आणि धातूच्या मूर्ती यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. सरकारनं एखादी वस्तू सक्तीनं घेतली आणि भरपाईवर वाद झाला, तर लवादानं काय पाहावं हेही कायद्यात लिहिलं आहे: वस्तूचा काळ, तिचं कलेच्या आणि इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्व, तिचं दुर्मीळपण. किताबखान्यातही याच गोष्टींकडे पाहत असत.

घरात असं काही असेल तर पाने सुटी करू नका. पोथीची पहिली-शेवटची कोरी पानं मळकी म्हणून फाडू नका. बहुतेकदा तिचा सगळा इतिहास तिथंच असतो. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि ती घरात कोणाकडून, केव्हा आली ते आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. व्हॅल्युअरचा अहवाल घ्याल तेव्हा नुसता आकडा घेऊ नका. त्यानं काय पाहिलं, कोणत्या तारखेचा भाव धरला आणि का धरला, हे लिहून मागा. आणि तो कागद पोथीजवळच ठेवा. पुढं कोणी ती उघडेल, तेव्हा तिला कोणीतरी समोर मांडून डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं तरी त्याला कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)