शिकणाऱ्याच्या वेळेला : अध्ययन तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

पाटण तालुका अध्ययन तंत्रज्ञान या विषयाला एक अवघड प्रश्न विचारतो. कोयनेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत इथल्या वाड्या विखुरल्या आहेत. पाऊस मोठा, शेती तुटपुंजी, म्हणून पिढ्यान् पिढ्या इथला तरुण मुंबई गाठत आला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे. दहावीनंतर शाळा सुटलेला एखादा माथाडी तिशीत पुन्हा शिकायचे म्हणाला, तर त्याने कुठे जावे? त्याच्या कामाची वेळ आणि कॉलेजची वेळ एकच असते. माझ्या मते अध्ययन तंत्रज्ञान या प्रश्नापासून सुरू होते. यंत्रे त्यानंतर येतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभराचे काम मानला, ते प्रा. राम ताकवले. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे. प्रा. पुराणिकांसह त्यांनी लिहिलेले अभिजात यांत्रिकीचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक विद्यार्थ्यांनी अभ्यासले आहे. 1978 ते 1984 ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे 1 जुलै 1989 रोजी नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाला नाव मिळाले यशवंतराव चव्हाणांचे. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रेचा, कर्मभूमी आमच्या शेजारचे कराड. त्यामुळे इथल्या माणसाला हे विद्यापीठ नाशिकचे असूनही परके वाटले नाही. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद.

ब्रीद सुंदर आहे, पण गंगा घरी न्यायची तर पाट खणावे लागतात. ताकवल्यांचे मोठेपण त्या खणण्यात आहे. बारावी न झालेल्या प्रौढाला पदवीकडे जाता यावे म्हणून पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आला. गावोगावच्या महाविद्यालयांच्या इमारती सुटीच्या दिवशी वापरून अभ्यासकेंद्रे उभी राहिली. तिथे व्याख्यात्याऐवजी ‘संमंत्रक’ आला. विद्यार्थी घरी वाचून येणार आणि संमंत्रक त्याची अडलेली जागा सोडवणार, अशी ही वाटणी.

सगळ्यांत महत्त्वाचे घडले ते पुस्तकात. या विद्यापीठाचे एखादे जुने पुस्तक मिळाले तर त्याचे श्रेयपान वाचावे. लेखकाशेजारी आशय संपादक, भाषा संपादक आणि अनुदेशन तंत्र संपादक अशी वेगवेगळी कामे नोंदलेली दिसतात. आत घटकाच्या आरंभी उद्दिष्टे असतात, मधे थांबून सोडवायचे स्वयंअध्ययन प्रश्न असतात आणि शेवटी त्यांची उत्तरे. रात्री दहाला एकट्याने वाचणारा माणूस कुठे अडखळेल, याचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. मी याला तंत्रज्ञान म्हणतो, आणि पूर्ण अर्थाने म्हणतो. वीज गेली तरी ते चालते.

1995 ते 1998 या काळात ताकवले दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते. संगणकजाळ्यांमुळे शिक्षणाची घडीच बदलेल, हे त्यांनी उतारवयातही हिरिरीने मांडले. 2023 मध्ये नव्वदीच्या वयात ते गेले.

विद्यापीठांबाहेर पाहताना आणखी एका प्राध्यापकाचे नाव घ्यायलाच हवे. श्री. अ. दाभोळकर गणिताचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार होते. आपल्या बागेतले निरीक्षण ते पत्रांतून आणि भेटींतून एकमेकांना कळवत. इथे विद्यापीठ नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. शिकणारेच एकमेकांचे शिक्षक. ताकवल्यांनी संस्था दारापर्यंत नेली, दाभोळकरांनी दारातल्या माणसालाच संशोधक मानले. या दोन्ही वाटा एकत्र अभ्यासल्याशिवाय मराठी मुलखातले अध्ययन तंत्रज्ञान समजणार नाही, असे माझे ठाम मत आहे. दुर्दैवाने अध्यापक विद्यालयांत दुसरी वाट क्वचितच शिकवली जाते.

आता परिस्थिती बरीच पुढे गेली आहे. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतही संगणकाचे वर्ग सुरू झाले. पवईच्या आयआयटीत शिक्षण तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. 2020 च्या टाळेबंदीत तर सारी शाळाच मोबाइलवर आली आणि डोंगरातल्या मुलांना रेंजसाठी टेकाडावर चढावे लागले. त्या वर्षी आपण पडद्यावर पाठवला तो बहुतांशी जुनाच तास, जुन्याच वेळेला. ऐकणारा पलीकडे आहे का, हे कळायची सोय त्यात नव्हती. दूरशिक्षणातली गळती ही तर जगभरची दुखरी बाजू आहे. ती लपवून हा विषय शिकवू नये.

म्हणून नव्या अभ्यासकाला एक विनंती. मोठमोठ्या उपपत्ती वाचण्याआधी आपल्या विषयातला एक घटक असा लिहावा, की तो शिक्षकाशिवाय वाचता येईल. तो शाळा सुटलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला द्यावा, आठवडाभराने त्याच्याकडे जावे, तो कुठे अडला ते विचारावे, आणि तेवढा भाग पुन्हा लिहावा.